चौकोन, बाण आणि सेकंदाला दोनशे रिक्वेस्ट

लो-कोड ऑटोमेशन प्लॅटफॉर्म (कोड लिहिण्याऐवजी चौकोन आणि बाण जोडून काम बसवायचं टूल) हाच आपला एपीआय बॅकएंड, म्हणजे ॲप आणि वेबसाइटला मागून उत्तरं देणारी यंत्रणा, असं कुठल्याही टीमनं बसून ठरवलेलं मी अजून पाहिलेलं नाही, ते आपोआप होत जातं. आधी एक साधा फ्लो असतो, कुणीतरी फॉर्म भरला की मॅनेजरला मेल, मॅनेजर हो म्हणाला की अकाउंट्सकडे, झालं. मग कोणाच्या तरी लक्षात येतं की अरे याला एक यूआरएल मिळते, बाहेरून त्यावर जेसॉन (ठरलेल्या साच्यातला डेटा) पाठवलं की फ्लो सुरू होतो आणि शेवटी उत्तर पण परत देता येतं, म्हणजे हा तर एपीआयच झाला की! मग वेबसाइटवाले म्हणतात आम्हाला फक्त स्टेटस हवंय, तेवढं द्या. मग मोबाइल ॲपवाले तेच वापरायला लागतात, आणि ॲपचा होम स्क्रीन उघडला की तोच कॉल तीन-तीनदा जायला लागतो, आणि दिवसातून काही शे वेळा चालावी म्हणून बनवलेली गोष्ट सेकंदाला काही शे वेळा चालायला लागते. मध्ये कुठेही कोणी निर्णय घेतलेला नसतो.

यावर हसणारे इंजिनिअर भरपूर भेटतात. मला हसू येत नाही कारण मी असल्या टीमांच्या बाजूला बसून काम केलंय आणि त्यांनी तसं का केलं ते मला माहीत आहे. नवीन सर्व्हिस उभी करायची म्हणजे रेपो (कोड ठेवायची जागा) मागा, सर्व्हर मागा, सिक्युरिटी रिव्ह्यू, रिलीजची तारीख, आणि या सगळ्याला पाच जणांच्या सह्या. प्लॅटफॉर्म मात्र आधीच मंजूर झालेला असतो, डेटाबेसचे पासवर्ड त्यात आधीच घातलेले असतात, पब्लिश बटण दाबलं की बदल लाइव्ह. म्हणजे कंपनीत जिथे बदल करायची मुभा आहे अशी ती एकच जागा उरते, आणि पाणी उताराकडेच जाणार. त्यामुळे "यांना आर्किटेक्चर कळत नाही" हे निदान मला फार सोपं वाटतं. त्यांना त्यांच्या ऑफिसचं आर्किटेक्चर चांगलंच कळलेलं असतं.

पण मशीनला ऑफिसातलं राजकारण कळत नाही, तिथे हिशोब वेगळाच चालतो.

असे फ्लो चालवणारी ही इंजिनं मुळात कशासाठी आली ते बघा. बीपीएमएन 2.0 हे चौकोन-बाणांचं स्टँडर्ड जानेवारी 2011 मध्ये ओएमजी या स्टँडर्ड ठरवणाऱ्या संस्थेनं आणलं, 2013 मध्ये ते आयएसओ स्टँडर्ड पण झालं. ॲक्टिव्हिटी हे ओपन सोर्स इंजिन 2010 मधलं, त्यातूनच 2013 मध्ये कॅमुंडा फुटून निघालं आणि 2016 मध्ये फ्लोएबल. या सगळ्यांच्या डोळ्यासमोरचं काम म्हणजे लोनचा अर्ज, इन्शुरन्सचा क्लेम, नवीन माणसाचं जॉइनिंग. हा अर्ज आज आला, कागदपत्रं परवा येणार, साहेब पुढच्या आठवड्यात सही करणार, मध्ये सर्व्हर दोनदा रीस्टार्ट होणार, तरी अर्ज नेमका कुठे अडकलाय ते इंजिनला माहीत पाहिजे. म्हणून ते प्रत्येक पायरीला लिहून ठेवतं. कुठलं पाऊल, कधी सुरू, कधी संपलं, त्या वेळी व्हेरिएबलमध्ये काय होतं, सगळं टेबलात. आवक-जावक रजिस्टर ठेवणाऱ्या जुन्या कारकुनासारखं आहे ते, नोंद झाल्याशिवाय कागद पुढच्या टेबलावर जाणार नाही म्हणजे नाही. लोनच्या अर्जाला असाच कारकून हवा.

आता याच्यासमोर "या ऑर्डरचं स्टेटस काय" असे दोनशे लोक सेकंदाला येऊन उभे राहतात. या प्रश्नाची नोंद कोणालाच नको आहे, विचारणाऱ्यालाही नको. उत्तर द्यायचं आणि विसरायचं. पण इंजिनला विसरता येत नाही.

साध्या कोडमध्ये हीच रिक्वेस्ट आली तर काय होतं? हेडर (रिक्वेस्टसोबतची माहिती) तपासलं, आयडी काढला, डेटाबेसला एक क्वेरी, आलेली रो (टेबलातली ओळ) जेसॉन करून परत. वाचन एक, लिखाण शून्य. तीच रिक्वेस्ट फ्लोमधून गेली की आधी एक्झिक्युशनची नोंद तयार होते, मग आलेलं सगळं बॉडी आणि हेडर सेव्ह, मग टोकन (कॉल करणाऱ्याची ओळख) तपासणारा नोड, म्हणजे फ्लोमधला एक चौकोन, मग इफ (अट तपासणारा चौकोन), मग डेटाबेसचा नोड (त्याचा पासवर्ड दर वेळी डिक्रिप्ट करून), मग फील्डची नावं बदलणारा नोड, मग परत इफ, मग उत्तराचा नोड, आणि प्रत्येक नोडच्या आउटपुटची प्रत पुढे नेली जाते आणि बहुतेक वेळा कुठेतरी साठवली पण जाते. दहा नोडचा फ्लो धरा, नोडमागे एकच हिस्टरी रो धरा, सेकंदाला 200 रिक्वेस्ट धरा, तर सेकंदाला 2,000 रो आणि हाच वेग दिवसभर राहिला तर 17 कोटी 28 लाख रो. आणि हे सगळं कशासाठी, तर फक्त एक स्टेटस वाचण्यासाठी!

इथे इंजिनांच्या बाजूनं पण बोललं पाहिजे, ती काही बावळट नाहीयेत. कॅमुंडा 7 मध्ये फ्लोच्या मध्ये कुठे थांबाच नसेल, म्हणजे माणसाची वाट बघणं नाही, टायमर नाही, असिंक्रोनस खूण (इथे थांब, पुढचं नंतर कर) नाही, तर सगळा फ्लो डेटाबेसच्या एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, एका दमात, पळतो आणि चालू स्थितीच्या टेबलांना हातही लागत नाही. हिस्टरीच्या टेबलांत मात्र नोंदी पडतातच, तिची पातळी तुम्ही मुद्दाम खाली आणली नसेल तर, आणि न सांगता मिळणारी पातळी ही सगळ्यात बडबडी असते. ती बंदही करता येते. पण बंद केली की तो छान डॅशबोर्ड, जिथे प्रत्येक अर्जाचा प्रवास रंगीत दिसतो, तो मागचं काहीच दाखवत नाही, आणि प्लॅटफॉर्म घेतला होता तो त्या डॅशबोर्डसाठीच. एनएटएन (n8n) या ऑटोमेशन टूलमध्ये पण तेच, यशस्वी एक्झिक्युशन सेव्हच करू नको अशी सेटिंग आहे, ती लावली की डेटाबेसचा श्वास मोकळा होतो, आणि मग सपोर्टवाला माणूस येऊन विचारतो की काल त्या कस्टमरला आपण नक्की काय उत्तर दिलं, आणि दाखवायला काही नसतं.

या विषयातलं सगळ्यात प्रामाणिक उत्तर मला वाटतं ॲमेझॉननं दिलं. त्यांच्या क्लाउडचं, एडब्ल्यूएसचं, स्टेप फंक्शन्स हे फ्लो चालवणारं इंजिन 2016 च्या शेवटी आलं आणि तीनच वर्षांनी, 2019 मध्ये, त्यांनी त्याचे सरळ दोन प्रकार केले. स्टँडर्ड म्हणजे एक वर्षापर्यंत चालू शकणारा, प्रत्येक पायरी नोंदवणारा, पैसे पायरीमागे. एक्सप्रेस म्हणजे जास्तीत जास्त पाच मिनिटं, स्वतःकडे हिस्टरी ठेवत नाही, हवी तर लॉगमध्ये टाका, आणि पैसे किती वेळा चाललं, किती वेळ चाललं, किती मेमरी खाल्ली यावर. चित्र काढायची भाषा एकच पण खाली दोन वेगळे प्राणी. एकाच प्राण्याकडून दोन्ही कामं होणार नाहीत हे त्यांनी किंमतीच्या पानावरच लिहून टाकलं म्हणा ना. स्टँडर्डचा दर अमेरिकेतल्या मुख्य रीजनमध्ये हजार पायऱ्यांना 0.025 डॉलर, वाचताना काहीच वाटत नाही, पण वरचाच हिशोब लावा, सेकंदाला 2,000 पायऱ्या, तर दिवसाचे 4,320 डॉलर. महिन्याचा गुणाकार तुम्हीच करा, मी केला तेव्हा दोनदा तपासला.

आणि हे फक्त बाहेरच्यांच्या बाबतीत घडतं असंही नाही. ॲमेझॉनच्याच प्राइम व्हिडिओच्या एका टीमनं 2023 मध्ये स्वतःच लिहिलं होतं की स्ट्रीमचा आवाज आणि चित्र बिघडलंय का ते तपासणारी त्यांची यंत्रणा स्टेप फंक्शन्सवर बांधलेली होती, आणि स्ट्रीमच्या दर सेकंदाला त्यात अनेक पायऱ्या होत होत्या, त्यामुळे अपेक्षित लोडच्या पाच टक्क्यांच्या आसपासच ती अडखळायला लागली. शेवटी सगळं एकाच प्रोसेसमध्ये आणलं आणि खर्च 90 टक्क्यांनी खाली आला. त्या वेळी लोकांनी याचं "मायक्रोसर्व्हिस विरुद्ध मोनोलिथ", म्हणजे छोट्या छोट्या सर्व्हिस की एकच मोठा प्रोग्राम, असं भांडण करून टाकलं, दोन्ही बाजूंनी आठवडाभर धुरळा. मला ती गोष्ट वेगळीच दिसते. दर सेकंदाला घडणाऱ्या गोष्टीसाठी पायरीमागे नोंद ठेवणारं इंजिन लावलं होतं, एवढंच.

मायक्रोसॉफ्टच्या पॉवर ऑटोमेटमध्ये तर ही भिंत लायसन्समध्येच लिहिलेली आहे. प्रीमियम युजर लायसन्सला 24 तासांत 40,000 रिक्वेस्ट, आणि यात रिक्वेस्ट म्हणजे बाहेरून आलेला कॉल नाही, फ्लोमधली प्रत्येक ॲक्शन मोजली जाते. दहा ॲक्शनचा फ्लो म्हणजे दिवसाला 4,000 कॉल. आपल्या दोनशेच्या वेगानं हा कोटा वीस सेकंदांचा. उरलेला दिवस काय करायचं ते ज्यानं त्यानं ठरवावं.

बरं, समजा पैसे आहेत आणि मोठं मशीन पण घेतलं. तरी एक गोष्ट सुटत नाही, आणि ती समजायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. इंजिनचा स्वभाव आहे हार न मानण्याचा. समोरचा सर्व्हर बंद आहे? थांबू, परत प्रयत्न करू. लोनच्या अर्जाला हे वरदान आहे. पण एपीआयच्या पलीकडे हातात फोन धरलेला माणूस असतो, तो दहा सेकंदांत कंटाळतो, स्क्रीन खाली ओढून रिफ्रेश करतो. त्याची आधीची रिक्वेस्ट ॲपनं सोडून दिली, गेटवेनं (रिक्वेस्ट आत सोडणाऱ्या मधल्या दारानं) पण टाइमआउट देऊन कनेक्शन तोडलं, पण इंजिनला याचा पत्ताच नाही. ते बिचारं निष्ठेनं ते उत्तर तयार करत बसलंय जे घ्यायला दारात कोणीच उभं नाही. आणि तेवढ्यात रिफ्रेशवाली दुसरी रिक्वेस्ट आली, तिचंही तेच. त्यात ॲप एकूण तीनदा प्रयत्न करतंय, गेटवे तीनदा, फ्लोमधला नोड तीनदा, म्हणजे माणसानं एकदा बटण दाबलं आणि मागच्या सर्व्हरवर सत्तावीस धडका. आधीच दमलेल्या सर्व्हरवर. यात जर तो कॉल पैसे कापणारा किंवा एसएमएस पाठवणारा असला आणि त्याला आयडेम्पोटन्सी की नसली, म्हणजे हे काम आधी झालंय का ते ओळखायची खूणच नसली, तर पुढे काय होतं ते कस्टमर केअरला विचारा.

असाच एक प्रसंग मी जवळून पाहिला. प्लॅटफॉर्मचा डॅशबोर्ड उघडा होता, एक्झिक्युशनची लांबलचक यादी, ओळीनं हिरव्या टिका, प्रत्येकीपुढे 300 मिलिसेकंद, 350, 280. आणि फोनवर ॲप नुसतं गरगरतंय. प्लॅटफॉर्मवाले म्हणतायत आमच्याकडे सगळं हिरवं आहे, ॲपवाले म्हणतायत आमच्याकडे उत्तरच येत नाही, दोघंही खरंच बोलत होते. त्या प्लॅटफॉर्मचं घड्याळ सुरू व्हायचं वर्करनं (फ्लो प्रत्यक्ष चालवणाऱ्या प्रोसेसनं) काम हातात घेतल्यावर, आणि त्याच्या आधी रिक्वेस्ट रांगेत उभी असायची तो वेळ कोणीच मोजत नव्हतं. रांगेची लांबी दाखवणारा आकडा दुसऱ्याच स्क्रीनवर होता, रेडिसमध्ये (ही रांग ठेवणाऱ्या मेमरीतल्या डेटाबेसात) जाऊन बघायला लागायचा, आणि तो बघायची परवानगी असलेला माणूस सुट्टीवर.

हे गणित नवीन नाही. जॉन लिटल यांनी 1961 मध्ये सिद्ध करून ठेवलंय की आत किती गिऱ्हाइकं आहेत ते बघायचं तर येण्याचा वेग गुणिले प्रत्येकाला आत लागणारा वेळ. सेकंदाला 200 येतायत आणि प्रत्येकाला 0.4 सेकंद लागतायत, तर कुठल्याही क्षणी सरासरी 80 जण आत. मागचा सर्व्हर मंदावला आणि वेळ 5 सेकंद झाला की तेच 80 चे 1,000 होतात, ट्रॅफिक एकानंही न वाढता. तुमच्याकडे वर्कर 100 असतील तर बाकीचे बाहेर, आणि ती बाहेरची रांग वाढतच जाणार. आणि इथे लोक हमखास म्हणतात मध्ये क्यू (रांग) टाका. टाका की, पण क्यूनं झटका पचतो, कायमचा लोड पचत नाही, येणाऱ्यांचा वेग जाणाऱ्यांपेक्षा रोजच जास्त असेल तर क्यू म्हणजे फक्त उशिरा मिळणारी वाईट बातमी. एनएटएनचा क्यू मोड चांगला आहे, वर्कर वाढवता येतात, वेबहूक (बाहेरून येणारे कॉल) घेणाऱ्या प्रोसेस पण वेगळ्या चालवता येतात, पण उत्तर त्याच कनेक्शनवर परत द्यायचं असेल तर प्रत्येक रिक्वेस्ट रेडिसमधून वर्करकडे आणि वर्करकडून परत असा वळसा घेऊनच येणार, तो वळसा मशीन वाढवून कमी होत नाही.

सगळीच व्हिज्युअल टूल्स अशी नसतात हेही खरं. नोड-रेड, 2013 मध्ये आयबीएममध्ये सुरू झालेलं, ते मेसेज मेमरीतच पुढे ढकलतं, पायरीमागे डेटाबेसात काही लिहीत नाही, त्यामुळे साध्या एचटीटीपी कामाला ते बरंच हलकं पडतं. तिथली अडचण दुसरी, एका फंक्शन नोडमध्ये कोणी मोठा लूप फिरवला की एका वेळी एकच काम करणारा एकच धागा (थ्रेड) असल्यामुळे सगळेच थांबतात. आणि कॅमुंडानं व्हर्जन 8 मध्ये झीबी हे इंजिन आणलं ते रिलेशनल डेटाबेस सोडून लॉगवर (फक्त पुढे लिहीत जायच्या नोंदवहीवर) चालतं, पार्टिशन म्हणजे कामाचे वाटे पाडता येतात, राफ्ट या पद्धतीनं दुसऱ्या मशीनवर प्रती ठेवतं, त्यामुळे मशीन जोडून आडवं वाढवता येतं. फ्लो संपेपर्यंत थांबून निकाल परत घ्यायची सोय पण आहे त्यात. तरी प्रत्येक पायरी त्या लॉगमध्ये लिहिली जाणार आणि तिच्या प्रती होणार, नोंद ठेवायचा खर्च स्वस्त झाला, गेला नाही. म्हणून "लो-कोड स्लो असतं" हे वाक्य मला चुकीचं वाटतं. चित्र काढून केलं म्हणून काही स्लो होत नाही, विसरायच्या गोष्टी लक्षात ठेवायला लावल्या म्हणून होतं.

मग करायचं काय? मी तरी वाचन आणि काम यांची फारकत आधी करते. स्टेटस, यादी, शोध, किंमत, प्रोफाइल, जे फक्त बघायचंय त्यातलं काहीही इंजिनमधून जाता कामा नये, त्याला छोटीशी साधी सर्व्हिस, समोर कॅश (तयार उत्तरं जवळ ठेवायची जागा), आणि फ्लोनं आपलं काम झालं की स्टेटस त्या सर्व्हिसच्या टेबलात लिहून टाकायचं, म्हणजे विचारायला येणारा इंजिनच्या दारापर्यंत पोचतच नाही. बहुतेक ठिकाणी ट्रॅफिकचा मोठा वाटा इथेच निघून जातो. राहिलं खरं काम, ऑर्डर टाकणं, अर्ज देणं. तिथे समोरची सर्व्हिस तपासणी करते, पावती नंबर बनवते, क्यूमध्ये टाकते आणि 202 हा कोड देऊन मोकळी होते, म्हणजे मिळालं, करतोय. मग इंजिननं त्याच्या सोयीनं, त्याच्या वेगानं, हव्या तितक्या नोंदी ठेवत ते करावं, तिथे ते राजा आहे. आणि रांग ठरलेल्या लांबीपलीकडे गेली की 429, म्हणजे फार रिक्वेस्ट झाल्या, नंतर या, असं उत्तर द्यायचं, तो कोड 2012 पासून त्यासाठीच आहे. नाही म्हणायला लाजणारा बॅकएंड सगळ्यांनाच बुडवतो.

"पण मग दोन ठिकाणी मेंटेनन्स आला" असं म्हणणारे बरोबर आहेत. आला. मी त्यावर एकच दाखवते, त्यांचाच फ्लो उघडून. सुरुवातीला तो नऊ चौकोनांचा होता, बिझनेसकडच्या बाई स्वतः तो उघडून सांगायच्या की इथे नाही, आधी क्रेडिट तपासा मग मंजुरी, आणि तासाभरात बदल व्हायचा. प्लॅटफॉर्मचं खरं सुख ते होतं. एपीआय झाल्यापासून त्यात टोकन तपासणी आली, पेजिनेशन (यादी पानापानानं देणं) आलं, जुन्या ॲप व्हर्जनसाठी वेगळी फांदी, अँड्रॉइडला तारीख वेगळी पाठवायची म्हणून आणखी एक, रिट्राय ओळखायचा जुगाड, आणि आता झूम आउट केलं तर स्क्रीनवर मुंग्या दिसतात. त्या बाई आता तो उघडत नाहीत, तिकीट टाकतात. कोड लिहायचा नाही म्हणून हे घेतलं होतं, आणि आता कोडच लिहितोय, फक्त माउसनं, आणि दोन व्हर्जनमधला फरक बघायला गेलं तर हजार ओळींचं जेसॉन ज्यात निम्मे बदल चौकोन दोन पिक्सेल सरकल्याचे.

वाचन इंजिनमधून वेगळं काढायचं ठरलंच तर आधी लोड टेस्ट घ्या, पण रिकाम्या डेटाबेसवर नको. सगळे तिथेच फसतात. कोऱ्या इन्स्टॉलेशनवर हिस्टरीची टेबलं रिकामी, इंडेक्स मेमरीत मावतात, आकडे झकास येतात. आधी काही महिन्यांच्या बरोबरीचा कचरा त्यात भरा, मग टेस्ट सुरू करा, आणि ती चालू असतानाच जुनी हिस्टरी साफ करणारा जॉब पण सुरू करा, कारण प्रॉडक्शनवर तो ट्रॅफिक बघून चालत नाही, त्याची वेळ झाली की चालतो. पोस्टग्रेस या डेटाबेसवर असाल तर डिलीट झालेल्या रो लगेच जागा सोडत नाहीत, व्हॅक्यूम ही त्याची सफाई फिरेपर्यंत तशाच पडून असतात, तेव्हा डिस्कचा ग्राफ पण सोबत उघडा ठेवा. सरासरी बघू नका, शंभरातल्या सगळ्यात हळू रिक्वेस्टला किती वेळ लागला ते बघा, आणि घड्याळ डॅशबोर्डचं नको, फोनच्या बाजूचं लावा.